हिरव्या कॉलरची पलटण

टेलरमास्तरांचा उभा जन्म लोकांच्या कॉलरी बसवण्यात गेला. दुकान सुटलं तरी नजर आधी माणसाच्या गळ्याकडे जायची, तोंडाकडे मागाहून. अशा माणसाला नाद लागला तो नेपोलियनच्या काळातल्या फौजांचा. बोटाच्या पेरापेक्षा जरा उंच, धातूचे शिपाई. ते विकत आणायचे, रंगवायचे आणि रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मांडून, फासे टाकत लढाई खेळायची. फ्रेंच फौज मास्तरांची. समोरची ऑस्ट्रियाची, पांढऱ्या कोटातली, ती दाजींची. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, पोस्टातून रिटायर झालेले. एकवीस वर्षं दोघांत कधी तू-तू मैं-मैं झाली नाही, भांडायचं ते शिपायांनी.

नियम एकच. जो नीट रंगलेला नाही तो टेबलावर चढणार नाही. नियम अर्थातच मास्तरांचा.

एका रविवारी दाजींनी नवी पलटण आणली. चोवीस शिपाई, तीन महिन्यांचं काम. बघायला शेजारचे दोघं आले होते. मास्तरांनी भिंग लावलं, गणवेशांच्या पुस्तकातलं चित्र उघडलं. चित्रात कॉलर लाल. इथे चोवीसच्या चोवीस हिरव्या.

"दाजी, आंधळ्याकडून रंगवून घेतलेत का हो?"

शेजारी हसले. दाजीही हसले. "लढतील की तसेच. गोळी काय कॉलर बघून लागते?"

"नियम म्हणजे नियम."

दाजींनी एकेक शिपाई उचलून कापसात ठेवला. चहा मात्र पूर्ण प्यायले. पुढच्या रविवारी आले नाहीत, गुडघा धरलाय म्हणाले. मग गुडघ्याच्या जागी सर्दी आली, सर्दीच्या जागी पाहुणे. मास्तरही फुगून बसले. आपण कशाला जायचं? फ्रेंच मांडायचे, समोर कोणी नाही म्हणून परत उचलायचे, अशी दोन वर्षं गेली.

मग एकदा ताई पडदे शिवून घ्यायला आली.

"लाल धागा तूच बघून घाल रे. यांनी आणलाय, हिरवासुद्धा असेल. यांना लाल-हिरवं कळतंच नाही."

मास्तरांचं मशीन थांबलं. "म्हणजे?"

"जन्मापासूनच. रंगांच्या बाटल्यांवर मी चिठ्ठ्या लावून द्यायचे. त्या एका पलटणीच्या वेळी मी ऑपरेशनला दवाखान्यात, आणि चिठ्ठ्या सुटल्या. तुला सांगू नको म्हणाले. मास्तर हसेल म्हणाले."

मास्तर तसेच उठले, गळ्यात टेप लोंबत असतानाच दाजींच्या दारात पोचले. दाजी खिडकीशी पेपर वाचत होते.

"दाजी, ती पलटण काढा. रविवारी पहिल्या रांगेत उभी करू."

"ती होय? धुतली मी. दुसऱ्याच दिवशी थिनरमध्ये घातली."

खोका उघडला. चोवीस शिपाई, उघडेबोडके, राखाडी. मास्तरांनी खालचा खोका ओढला. त्यातलेही तसेच. त्याखालचेही.

"हे सगळे कशाला धुतलेत?"

"म्हटलं, अजून कुठेकुठे चुकलो असेन. मला काय दिसणार?"

मास्तरांना शिपाईन् शिपाई पाठ होता. बाकीच्या सहाशेंत एक चूक नव्हती. एक कॉलर, एक बाही इकडची तिकडे नव्हती. असा हात आपल्यालाही नाही, हे ते दर रविवारी मनात म्हणत आणि वर भिंग लावत.

"बाकीचे बरोबर होते, दाजी. एकूणएक."

दाजींनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"हो? मग तेव्हा सांगायचंत की."