सुषमाचा बिनदुधाचा कप

सुषमा, माझी धाकटी जाऊ, गेली त्याला दीड महिना झाला. आदिलाबादच्या दवाखान्यातून दिरांचा फोन आला तेव्हा मी इचोड्याच्या घरी दूध तापवत होते. खूप रडले... पण खरं सांगते, तेराव्यापर्यंत माझे डोळे कोरडे झाले होते. भेटायला येणारी प्रत्येक बाई तिच्या ग्रीन टीचं कौतुक सांगत होती. तेवीस वर्षं या घरात चहा मी केला आणि चहासाठी नाव झालं ते तिचं!

आमच्याकडे सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा, सकाळचा पहिला कप थोरल्या सुनेनं द्यायचा. सासूबाईंनी जाण्याआधी तो मान माझ्या हाती सोपवला होता. पाणी, दूध, साखर, पत्ती, आलं सगळं एकदम टाकायचं आणि दोन उकळ्या येऊ द्यायच्या. तो कप पिऊनच मामाजी आमच्या किराणा दुकानाचं शटर उघडत. मग त्यांच्या रक्तात साखर निघाली आणि वांकिडीच्या माहेराहून परतताना सुषमा ग्रीन टीचा डबा घेऊन आली. "औषध नाही हे मामाजी, गोळी चालूच ठेवा. पण दूध-साखर तर सुटते," एवढंच ती म्हणाली. मोठ्या बाता मारल्या असत्या तर मला तिला पकडता तरी आलं असतं. पहिल्या दिवशी त्यांनी तोंड वाकडं केलं, मी मनातून खूश. आठव्या दिवशी दुकानातून हाक आली, "सुषमा, माहा चाय आण!" माझा कप गेला तो गेलाच.

एकदा ती माहेरी गेली आणि मी संधी साधली, ग्रीन टी मीच करायला घेतला. रंग येईना म्हणून पत्ती वाढवत गेले, आमच्या रीतीनं चांगला खळखळ उकळला. काढा परवडला! मामाजींनी तो मोरीत ओतला. सुषमा परतल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत तक्रार केली, तर ही म्हणते, "पत्तीच जुनी झाली असन, मामाजी." तिनं मला वाचवलं याचाच मला जास्त राग आला. दुसऱ्या सकाळी तिनं मला ओट्याशी उभं केलं. "अक्का, भाजी नाही हे शिजवाले. बुडाशी बुडबुडे आले का गॅस बंद करा. मंग पत्ती टाका, झाका अन् दोन मिन्टांत गाळून घ्या." मी मान फिरवली, पण शब्द न् शब्द ध्यानात ठेवला.

ती कायमची गेल्यावर तसाच करू लागले. जमलाही. गेल्या मंगळवारी मामाजी म्हणाले, "सूनबाई, आता तुहा दुधाचा चाय मांडत जाय." सहा वर्षं ज्या वाक्यासाठी झुरले ते कानावर आलं. मी हसतच विचारलं, "काऊन मामाजी, थो नाही आवडत?"

"आवडते ना. पण थो पेलो का सुषमा याद येते..."

म्हणजे माझा चहा तिला विसरण्यासाठी! अंगाचा नुसता तिळपापड झाला, तोही गेलेल्या बाईवर. दुधाचा चहा केला, साखर घातली नाही. मामाजींनी तो संपवला. मग मी स्वतःसाठी पाणी ठेवलं आणि तिच्या ग्रीन टीचा कप घेऊन ओट्याशीच बसले. मला तो अजूनही आवडत नाही. पण तिच्याशी माझं भांडण राहिलंय, आणि भांडायला ती समोर हवी.