सुभेदारकाकांची तपासणी

सांगलीला विश्रामबागेतल्या एका प्रयोगशाळेत मी आतड्याच्या आणि यकृताच्या कॅन्सरवर काम करते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचे पापुद्र्यासारखे पातळ काप काचपट्टीवर चिकटवून माझ्याकडे येतात आणि मी सूक्ष्मदर्शकाखाली ते बघत बसते. आमच्याकडची माणसं पोटाचं दुखणं अंगावर काढतात. त्यामुळे येणारी गाठ बहुधा आतड्यातून यकृतापर्यंत पसरलेली असायची. मी जे शिकायचे त्याचा त्या माणसाला काही उपयोग नसायचा, आणि ते मनाला लागायचं.

म्हणून आम्ही गावात जाऊन एक साधी तपासणी करायचं ठरवलं. शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त असेल तर ती ते दाखवते आणि रोग लहान असतानाच सापडू शकतो. सुरुवात कुठून करायची, असा विषय निघाला तेव्हा मी उत्साहाने माझ्या माहेरचं नाव पुढे केलं. फलटणजवळचं गाव, चहूकडे ऊस, आणि बहुतेक घरांतलं कोणी ना कोणी फौजेत.

देवळाच्या मंडपात गाव जमलं. लेक डॉक्टर होऊन आली म्हणून माझी ओटी भरली. मग मी हातातली छोटी डबी वर धरून तिच्यात काय आणायचं ते सांगितलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. मागून एक आजी म्हणाली, "आगं पोरी, एवढी शिकलीस आन् म्हायेराला येऊन ह्ये मागतीस व्हय?"

सगळे हसले, मीही हसले. डब्या मात्र लोकांनी नेल्या. पुढच्या रविवारी गोळा करायला मी मंडपात टेबल मांडून बसले, तर दुपारपर्यंत एकसुद्धा परत आली नाही.

आमच्या शेजारचे सुभेदारकाका, फौजेतून निवृत्त झालेले, खुर्ची ओढून जवळ बसले.

"किती आल्या?"

"एकबी न्हाई, काका."

ते उठून घरी गेले. परतले ते कागदात गुंडाळलेली डबी हातात धरून, भर रस्त्यातून, सगळ्यांसमोर. ती टेबलावर ठेवली आणि पारावर बसलेल्या मंडळींकडे वळले. "बर्फात आमी सगळी पलटण परसाकडंला एका चरावर बसायचो. लाज तवाच सोडली. तुमाला डबी आणायला काय होतंय?"

संध्याकाळपर्यंत टेबलावर जागा उरली नाही. लाजत का होईना, बायकाही आल्या. ती आजी तर दोन डब्या घेऊन आली, एक तिची आणि एक म्हातारबुवांची.

तपासणीत मोजक्याच लोकांच्या डब्यांत रक्त सापडलं. त्यांतली एक काकांची होती. मी फोन केला. दुर्बीण घालून आतडं बघावं लागेल, असं सांगितलं.

"तुजं मशीन बिघडलं आसंल," काका म्हणाले. "मला काय धाड भरलीया? रोज चालत उसाला जाऊन येतोय."

तेवढ्यात फोन काकूंनी घेतला. "ह्यास्नी कवा आणू, तेवढं सांग."

दुर्बिणीत काकांच्या आतड्यात एक गाठ दिसली, देठावर वाढलेल्या अळंबीसारखी. माझ्या सहकाऱ्याने ती दुर्बिणीतूनच काढली. चार-आठ दिवसांनी तिचे काप माझ्यासमोर आले. टोकाला कॅन्सर होता, अगदी नुकता सुरू झालेला. देठ स्वच्छ होता, म्हणजे रोग आतड्यात उतरलाच नव्हता. माझा विश्वास बसेना. मी वरिष्ठांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ बघितलं, मान वर केली आणि म्हणाले, "सुटले की गं हे." इतक्या वर्षांत असं वाक्य मी त्या खोलीत ऐकलं नव्हतं. मला रडूच आलं.

काका-काकू रिपोर्टसाठी आले तेव्हा बाहेरच्या बाकावर भडंग खात बसले होते. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

"कॅन्सर होता, काका. पण तो सगळा निघालाय. ऑपरेशन नको, औषधं नकोत. अधूनमधून दुर्बिणीने बघत राहायचं, बस."

काकांनी हातातलं भडंग तोंडात टाकलं. मग म्हणाले, "म्हंजे मी फौजेला फिट हाय म्हन की."

काकूंनी त्यांच्या दंडावर एक चापटी मारली आणि तोच दंड धरून बराच वेळ रडल्या. मग डोळे पुसून भडंगाचा पुडा माझ्यापुढे केला.

रक्त सापडलेल्या बाकीच्यांना दुर्बिणीसाठी आणायचं काम काकांनी आपणहून अंगावर घेतलं. जीप ठरवली, कोणी कुरकुरलं तर दरडावलं आणि ठरल्या दिवशी सगळ्यांना सांगलीत हजर केलं. काकू पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. तपासणीसाठी सगळ्यांची पोटं रिकामी ठेवलेली, त्यामुळे बिचारे वास घेत बसले. आत एकेकाची तपासणी होत होती, कोणाच्याच आतड्यात काही वाईट निघत नव्हतं, आणि बाहेर काकू मला आग्रह करकरून वाढत होत्या. त्या दिवशी मी तूप घालून तीन पोळ्या खाल्ल्या.