गिव्ह अपचं वाक्य

सत्तरच्या दशकात परतूरला इंग्रजी शिकवायचो तेव्हा मी फार माजलेलो होतो. माझ्यासारखं इंग्रजी अख्ख्या तालुक्यात कुणाला येत न्हाई, असं मीच सांगत फिरायचो.

एके दिवशी तासाच्या आधी वाटूरचा एक मजूर दाराशी आला. त्याची पोरगी माझ्या दहावीच्या वर्गात होती.

"सर, सोयरीक आलीय," तो म्हणाला. "पोरगी म्हन्ते शिकायचं. ती इंग्रजीत पास हुईल असं तुमी म्हन्ले तर पाव्हण्यायला न्हाई म्हनून कळवतो. तुमी न्हाई म्हन्ले तर लग्न उरकून टाकतो."

"तास झाल्यावर सांगतो," म्हणून मी त्याला लिंबाखाली बसवलं. पोरगी दारातून सगळं ऐकत होती.

फळ्यावर त्या दिवशी 'गिव्ह अप' होतं. अर्थ, सोडून देणे. वापर गाइडातला: 'माय फादर गेव्ह अप स्मोकिंग.' परीक्षेत हेच लिहायचं, स्वतःचं डोकं चालवायचं न्हाई, असा माझा दंडक. एकामागून एक पोरं उठली आणि सगळ्यांच्या बापांनी बिडी सोडली. ती मात्र उभी राहून खिडकीतून लिंबाखाली बघत राहिली.

"दातखीळ बसली का गं?"

"सर, माझ्या बापानं बिडी सोडली न्हाई. तिथं बसून ओढून राह्यला. खोटं कसं म्हनू?"

वर्ग फिदीफिदी हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मंग तुझं खरं सांग की! मोठी आली सत्यवादी!"

तिनं मान वर केली. "आय विल नॉट गिव्ह अप स्कूल."

वर्षभरात त्या वर्गात कुणी स्वतः जुळवलेलं ते पहिलं वाक्य. मला कळलं होतं, बिलकुल कळलं होतं. पण पोरं हसायची थांबली, ती तिच्याकडं बघायला लागली, आणि तेच मला झोंबलं. लाज वाटते सांगायला. "गाइडात न्हाई ते इंग्रजी न्हाई," म्हणत मी तिच्या हातावर दोन छड्या ओढल्या आणि घंटा होईस्तोवर तिला बाकावर उभं केलं.

घंटा झाली तसा बाप उठून आला.

"न्हाई व्हायची पास," मी म्हणालो.

त्यानं हात जोडले. "बरं झालं सर, साफ सांगितलं." त्याला खरंच मोकळं वाटलं.

ती दप्तर घेऊन त्याच्यामागं निघाली. दारात थांबली.

"सर, माझं वाक्य बराबर व्हतं ना?"

"चूक," मी म्हणालो.