मुहूर्तमेढीला वळसा घालणारं गटार

आमच्या घरासमोरचं गटार सरळ जात नाही. ते माझ्या मुलीच्या लग्नाला वळसा घालून जातं.

गल्लीच्या तोंडापासून ते अगदी शहाण्यासारखं सरळ येतं. माझ्या दाराशी आलं की एकदम पोट काढतं, अर्धगोल फिरतं आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सरळ पुढे निघून जातं. नवखा माणूस थांबतो, बघतो आणि विचारतो, "काय हो, इंजिनिअर पिऊन होता काय?" इंजिनिअर शुद्धीवर होता. शुद्धीवर नव्हता तो दुसराच माणूस, आणि तो मी!

गावाचं नाव सांगत नाही. जव्हारहून मोखाड्याला जाताना वाटेत एसटी जिथे उगाचच दहा मिनिटं थांबते, ते आमचं गाव, एवढं पुरे. (नगरपंचायतीत माझे अजून नऊ अर्ज पडून आहेत. नावानिशी लिहून आणखी वैर कशाला?)

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. सगळं गाव मला गुरुजी म्हणतं, माझी बायकोसुद्धा. निवृत्तीनंतर लोक देवळात जातात, शेती बघतात. मी अर्ज करतो. आणि का करू नये? आमच्या नगरपंचायतीने चौकात बाकडी बसवली, ती भिंतीकडे तोंड करून! रस्त्यावरचे दिवे भर दुपारी लख्ख जळतात आणि दिवेलागणीला विझतात! नळाला पाणी येतं ते बरोब्बर वीज गेल्यावर! माणसाचं डोकं फिरेल नाही तर काय होईल? मी प्रत्येक वेळी तावातावाने जातो, आणि तिथले तरुण इंजिनिअर साहेब खुर्चीवरून अर्धे उठून, अतिशय गोड आवाजात एकच वाक्य म्हणतात, "सर, आपण अर्ज द्या ना."

मी देतो. ते शिक्का मारतात. मी पोच घेतो. इथे आमचा व्यवहार संपतो.

तर वैशालीचं, म्हणजे आमच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. मुलगा मोखाड्याचा, शिक्षकच. शिमगा झाल्यावरचा रविवार धरला. त्याआधीच्या सोमवारी माझा मेव्हणा काशिनाथ दाभोशाहून उंबराची चांगली मनगटाएवढी जाड फांदी घेऊन जीपने आला. दाभोसा ते जव्हार काशिनाथ टपावर आणि उंबर आत, खिडकीशी! का, तर मुहूर्तमेढीला धक्का लागता कामा नये. सुवासिनींनी हळद-कुंकू लावलं, आंब्याचा टहाळा बांधला, काशिनाथने खड्डा खणला आणि मेढ रोवली.

आता खड्डा कुठे खणला, तर अंगणाच्या हद्दीपासून तीन पावलं पुढे, रस्त्याच्या कडेला. मी म्हटलं, "अरे, ही जागा नगरपंचायतीची."

"दाजी, मांडव मोठा पायजे. नगरपंचायत काय उद्या येतेय होय? तुमचंच कवा ऐकलं नाय तिनं!"

हे मला पटलं. पटण्यासारखंच होतं.

आणि एकदा मेढ रोवली की रोवली. लग्न लागून मुलगी सासरी जाऊन परत येईपर्यंत, मांडव उतरेपर्यंत, मेढ हलवायची नाही. हलली तर संसार हलतो. मी विज्ञान शिकवलेला माणूस, पण एकुलत्या एका मुलीच्या बाबतीत विज्ञानाची परीक्षा घ्यायची माझी छाती नाही.

मंगळवारी सकाळी बायको हाक मारत आली. "अवं गुरुजी, बघा तरी! नगरपंचायतीनं आपल्या वैशूच्या लग्नाला रांगोळी काढली!"

बाहेर जाऊन बघतो तर गल्लीभर पांढऱ्या फक्कीची रेघ! गल्लीच्या तोंडापासून निघालेली, नाकासमोर सरळ, थेट आमच्या मेढीच्या बुंध्यावर चढलेली आणि पलीकडे उतरून पुढे गेलेली. मेढीच्या हळदीवर चुना! मी रेघ मारणाऱ्या मजुराला विचारलं, "हे काय?"

"गटार," तो म्हणाला.

अहो, अकरा वर्षं या गल्लीत सांडपाणी वाहतंय! बायका साड्या उचलून चालतात, म्हशी नाक मुरडतात! अकरा वर्षांत ज्यांना इकडे फिरकायला सवड झाली नाही, त्यांना नेमका हाच मंगळवार सापडला? माझं टाळकंच सरकलं.

तेवढ्यात जेसीबी आला. ड्रायव्हर उत्तरेकडचा. त्याने वरूनच ओरडून सांगितलं, "अंकल, वो डंडा हटाओ!"

डंडा! माझ्या मुलीच्या मुहूर्तमेढीला डंडा! मी काही बोलायच्या आत बायको मेढीला पाठ लावून फतकल मारून बसली. तिच्या शेजारी हळदीला आलेल्या चार बायका बसल्या. काशिनाथ जेसीबीच्या दातांपुढे हात पसरून उभा राहिला.

"आधी माझ्यावरून घाल!" बायको म्हणाली. "मंग मेढीला हात लाव!"

ड्रायव्हर घाबरून खाली उतरला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "अंकल, शादी है क्या? पहले बताना था ना."

मी तसाच, पायात एक चप्पल माझी आणि एक काशिनाथची, नगरपंचायतीत पोचलो. वाटेत भाषण तयार केलं होतं. कचेरीतले सगळे कारकून मान वर करून ऐकत होते, एवढा माझा आवाज लागला होता.

"अकरा वर्षं झोपला होतात! आणि आता लग्नघरावर बुलडोझर? कोण तो दीडशहाणा, ज्याने गटाराची मागणी केली? नाव सांगा मला! कागद दाखवा! आज मी त्याला सोडत नाही!"

इंजिनिअर साहेब अर्धे उठले. कपाटातून एक जाडजूड फाइल काढली, धूळ झटकली आणि माझ्यापुढे उघडून ठेवली.

अक्षर सुंदर होतं. वळणदार, ठसठशीत, वेलांट्या नीट काढलेल्या. पहिल्या क्षणी मला त्या माणसाबद्दल आदरच वाटला. दुसऱ्या क्षणी खालची सही दिसली.

माझी.

मूळ अर्ज, त्यामागे चौदा स्मरणपत्रं. शेवटच्यात उपोषणाची धमकी. (उपोषण मी विसरलो होतो. त्या दिवशी घरात पुरणपोळी होती.) आणि मूळ अर्जात लाल शाईने अधोरेखित केलेलं वाक्य: 'सदर गटार नाकासमोर सरळ रेषेत बांधावे. कोणाच्याही वशिल्याने अगर भिडेखातर ते तसूभरही वाकवू नये.'

कारकून अजून माझ्याकडेच बघत होते. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सही बदलली नाही.

"मग... आठ दिवस थांबा," मी आवाज खाली आणून म्हणालो.

"सर, मार्च अखेर आहे. रविवारपर्यंत काम उरकलं नाही तर निधी परत जातो. मग तुमच्या गल्लीला गटार कधी मिळेल, मी सांगू शकत नाही."

म्हणजे इकडे मुलीचा संसार आणि तिकडे साऱ्या गल्लीचं सांडपाणी! मेढ हलवली तर बायको मला घरात घेणार नाही, गटार घालवलं तर गल्ली मला रस्त्यावर उभं करणार नाही. माझा चेहरा बघून इंजिनिअर साहेबांना दया आली असावी.

"एक मार्ग आहे. मेढीपुरतं गटार जरा वळवता येईल. पण सर..."

"अर्ज देऊ?"

"दिलात तर बरं."

मी तिथेच, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेनाने लिहिला. राग होता, घाई होती, त्यामुळे भाषा फारच फर्डी उतरली. 'सदर वळण मी राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत व माझ्या जबाबदारीवर मागत असून त्याविषयी भविष्यात माझी अथवा माझ्या वारसांची कोणतीही तक्रार राहणार नाही.' वारस कोणी मागितले नव्हते. मीच घातले!

गटार मेढीला प्रदक्षिणा घालून खणलं गेलं. आणि रविवारी, लग्नाच्या दिवशी, काँक्रीट ओतायला मिक्सर आला. मंगलाष्टकं सुरू झाली तसा तोही सुरू झाला. भटजी 'शुभमंगल' म्हणत होते हे त्यांच्या ओठांवरून कळत होतं. 'सावधान' तेवढं ऐकू आलं, कारण त्या वेळी मिक्सर थांबवून त्यात खडी भरत होते. वऱ्हाड गटारावर टाकलेल्या फळीवरून एकेक करून मांडवात आलं. अक्षता टाकल्या, त्यातल्या अर्ध्या ओल्या सिमेंटवर पडल्या. आजही आमच्या गटाराच्या कडेला हळदीचे तांदूळ चिकटलेले दिसतात. जेसीबीचा ड्रायव्हर पहिल्या पंगतीला बसला आणि जिलेबी वाढायलाही उठला.

व्याही मांडवात शिरताना खाली वाकून वळण बघत म्हणाले, "गुरुजी, मोखाड्यात नवरदेवाला ओवाळतात. तुमच्याकडं गटार ओवाळतं!"

मी हसलो. मुलीचा बाप होतो, हसण्यावाचून इलाज नव्हता.

लग्न छान झालं. वैशू परतून आली, मांडव उतरला. काशिनाथ मेढ उपटायला गेला तर ती निघेना. बुंध्याभोवती काँक्रीट आवळून बसलं होतं. "ऱ्हाऊ द्या दाजी, सुकली की आपोआप मोडून पडंल."

सुकली नाही. फुटली! गटाराचं खत, गटाराचं पाणी, उंबराला आणखी काय हवं? एप्रिलअखेर कोंब, मेमध्ये पानं. बायको रोज सकाळी तिला पाणी घालून हळद-कुंकू वाहू लागली. "मेढ फुटली म्हंजे संसार बहरणार," ती शेजारणींना सांगे.

आणि जून लागला. गल्लीभराच्या पिशव्या, पाला, एकदा तर कुणाची तरी चड्डी, सगळं सरळ वाहत आलं आणि आमच्या वळणावर येऊन अडकलं. पाणी तुंबलं. गटाराला पुढे जाता येईना, मग ते अंगणात आलं, अंगणातून पडवीत, पडवीतून स्वयंपाकघरात. वर्षाची साठवलेली नागली भिजली. बायको तांब्याने पाणी उपसत होती, मी पातेल्याने. साऱ्या गल्लीची सोय मी केली आणि साऱ्या गल्लीची घाण माझ्या चुलीपाशी!

गेलो. ओरडलो. इंजिनिअर साहेब अर्धे उठले. या वेळी त्यांनी फाइल उघडलीही नाही, नुसता तिच्यावर हात ठेवला. 'माझी अथवा माझ्या वारसांची' मला तोंडपाठ होतं.

"तरी करू आपण सरळ," ते म्हणाले. माणूस तसा वाईट नाही, हे मला कबूल करावंच लागतं. "पण मध्ये झाड आहे. झाड तोडायचं तर नोटीस लावावी लागेल, लोकांच्या हरकती मागवाव्या लागतील. हरकत आली नाही की झाड काढू, वळण सरळ करू. आपण तेवढा..."

"देतो अर्ज," मी म्हणालो. एका उंबरावर कोण हरकत घेणार!

उंबरावर नोटीस चिकटली. त्याच संध्याकाळी वैशूचा फोन आला. तिला तिसरा महिना लागला होता. "बाबा," ती एवढंच म्हणाली, "माझी मेढ तोडताय?" आणि रडायला लागली.

फोन ठेवला तर बायको कागद-पेन घेऊन समोर उभी. "साऱ्या गावाचे अर्ज लिव्हता. आज माझा एक लिवा. उंबर तोडू नये म्हणून."

"अगं, पण तोडायचा अर्ज माझाच आहे!"

"तो तुमचा. ह्यो माझा. पोरीला डोहाळे लागलेत आन तुमी तिच्या मेढीवर कुऱ्हाड घालता? लिवा!"

माझा जीव कालवला, खोटं कशाला बोलू? वैशू फुटलेल्या कोंबाचे फोटो नवऱ्याला दाखवून हसायची, ते आठवलं. आणि शिवाय मी हिशेब केला. नगरपंचायतीने माझा अर्ज वाचायला अकरा वर्षं घेतली. हा वाचेपर्यंत उंबर कधीच निघालेला असेल. बायकोचं मन राहील, पोरीचं समाधान होईल आणि पाणीही जाईल. लिहायला काय जातंय?

मी बसलो आणि लिहिलं. जीव ओतून लिहिलं. उंबराचं औषधी महत्त्व, पक्ष्यांचा निवारा, लोकभावना, मातृहृदय, सगळं! खाली बायकोने सही केली. तिला सही करायला मीच शिकवलं होतं.

नगरपंचायतीने तीन दिवसांत निर्णय दिला! अकरा वर्षं, चौदा स्मरणपत्रं, उपोषणाची धमकी यांनी जी हलली नाही, ती नगरपंचायत तीन दिवसांत हलली! शिपाई पत्र घेऊन दारात आला तेव्हा सकाळपासून धो धो कोसळत होतं. मी पडवीत घोट्याभर पाण्यात उभा होतो, एका हातात पातेलं. दुसऱ्या हाताने पत्र घेतलं.

'आपला वृक्षतोडीचा अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. कारण, प्राप्त झालेली हरकत अत्यंत मुद्देसूद, अभ्यासपूर्ण व सुवाच्य अक्षरात आहे.'

"काय म्हणतात?" बायकोने आतून विचारलं.

मी पातेलं खाली सोडलं आणि 'सुवाच्य अक्षरात' तिला दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं.