जावयाने लेस बांधायची नाही

टेकडीवरून घरी आलं की पायमोज्यांना कुसळं चिकटलेली असतात. कधी चिकटली ते कळत नाही, आणि काढायला बसलं की संपत नाहीत. आमच्या रविवार टोळीचे किस्सेही तसेच. एक आठवला की त्याच्या मागोमाग दहा येतात. आज फक्त जोड्यांचे सांगतो. आमच्यात राजकारणावरून कधी भांडण झालं नाही, पण जोड्याला लेस बरी की डायल, यावरून दोन वर्षं तोंडं चालली!

टोळी म्हणजे आम्ही तिघं. मी बुलडाण्यात झेरॉक्सचं दुकान चालवतो. गजूभाऊ मूळचे पिंपळगाव राजाचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. तिसरे डॉक्टरसाहेब, म्हणजे ढोरांचे डॉक्टर. दर रविवारी सकाळी घाटाच्या अंगाची टेकडी चढायची. नियम एकच. ज्याच्यामुळे रांग थांबली, त्याने पाण्याची पाच लिटरची कॅन उचलायची आणि पुढचा कोणी थांबेपर्यंत वाहायची. त्यामुळे लेस सुटणं आमच्याकडे भलतंच महागात पडतं.

* * *

गजूभाऊंची लेस कधीच सुटत नाही. बैलाच्या दाव्याला मारतात ती गाठ ते जोड्याला मारतात, आणि वरून म्हणतात, "बैल पयाला नाही या गाठीतून, जोडा कुठं जाते?"

एका रविवारी ओढ्यातून आलो, गाठ भिजली आणि आवळली. त्याच दुपारी त्यांच्या भाचीचा साखरपुडा होता. घरी जोडे काही निघेनात. उशीर झाला म्हणून भाऊ तसेच गेले. मांडवात सतरंजी अंथरलेली, जोडे घालून आत जाता येईना. भाऊ बाहेर खुर्ची टाकून बसले.

आता मुलीचा मामा बाहेर बसलाय म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं? मामा रुसला! आधी बहीण आली, मग मेहुणे आले, शेवटी नवरदेवाचे वडील हात जोडून आले. भाऊंना तिथेच टोपी-उपरणं झालं, ताटही बाहेरच आलं. भाऊ गंभीर चेहऱ्याने जेवले.

मी नंतर विचारलं, "खरं काऊन नाही सांगितलं?"

"जोडा निघून नाही राह्यला, हे सांगाची लाज वाटली ना. रुसाले काय लाज?"

* * *

डॉक्टरसाहेबांनी डायलचे जोडे मागवले तो दिवस आम्ही विसरणार नाही. लेस नाहीच. जिभेवर एक गोल बटण, आत बारीक तार. बटण फिरवलं की टर्र टर्र आवाज होतो आणि जोडा आवळतो, उलटं फिरवलं की सैल. साहेब पायथ्याशी बसून आम्हाला फिरवून दाखवत होते.

गजूभाऊ वाकून कान लावून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बातम्या लागल्या का?"

साहेबांनी बटण आणखी एक फेरा आवळलं. आणि टेकडी न थांबता चढले. उतरताना पावसाने गाठलं, आणि वाट काळ्या वावरातून होती. आपली काळी माती सगळ्यांना माहीत आहे. ती पाय धरते, चप्पल धरते, तिने डायलही धरला. बटणाच्या खाचेत चिखल भरला आणि सैल पडलेला जोडा आवळायला ते जागचं हलेना. साहेबांचे पाय सैल जोड्यात खळखळ करू लागले, ते थांबले, रांग थांबली. गजूभाऊंनी अतिशय आदराने कॅन त्यांच्या हातात दिली.

पुढच्या रविवारी साहेब परत तेच जोडे घालून हजर. शेवटच्या वळणावर चिखल भरताच त्यांनी खिशातून गाईला टोचायची मोठी सिरिंज काढली, पाणी भरलं आणि चालता चालताच खाली वाकून डायलवर पिचकारी मारली. टर्र टर्र! रांग थांबली नाही.

"पेशंट बरा आहे," साहेब म्हणाले.

* * *

मग माझ्या सासूबाई आल्या आणि भांडणाची गंमत गेली.

शांताबाई धाड गावच्या. वावरात भाजी काढायची आणि बाजारात विकायची, आयुष्य त्यातच गेलं. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी बांधावी ती त्यांनीच, काडी फिरवून गाठ पडलेली दिसायची नाही इतक्या झटपट. दोन वर्षांपूर्वी संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली. उपचारासाठी आमच्याकडे राहायला आल्या. सकाळी अंबाडा माझी बायको घालून देई, ब्लाऊजचे हुक तीच लावून देई. सासूबाई भिंतीकडे बघत बसत.

एका शनिवारी त्या म्हणाल्या, "जावईबापू, मीबी येतो उद्या. पाय तं माहे शाबूत हायेत."

बायकोने स्वतःचे जोडे त्यांना घातले, लेस बांधून दिली. आणि बाई काय चालल्या! आम्ही तिघं मागे, नऊवारी पुढे. अर्ध्यावर गेलो आणि त्यांची लेस सुटली. मी पटकन खाली वाकलो.

त्यांनी पाय असा मागे ओढला की त्या तोल जाऊन तरोट्याच्या झुडपात बसल्या.

"जावयानं माह्या पायाले हात लावाव? आमच्या घरी जावयाचे पाय धुतात!"

गजूभाऊ पुढे झाले, त्यांनाही नाही. "तुमी वयानं मोठे हा भाऊ." डॉक्टरसाहेब शिकलेले माणूस, म्हणून त्यांनाही नाही. स्वतः वाकून त्यांनी लेस धरायचा खूप प्रयत्न केला. बोटांतून ती घरंगळत राहिली. आम्ही तिघं उगाच समोरच्या डोंगराकडे बघत उभे.

शेवटी लेस जोड्यात खोचून त्या माघारी वळल्या. आणि नियम म्हणजे नियम म्हणून कॅन त्यांनीच उचलली, मुठीत येईना म्हणून कोपराला अडकवून. मी हात जोडले, ऐकलं नाही. बसस्टँडसमोरून सासू कॅन घेऊन पुढे आणि जावई हात हलवत मागे, ही वरात अर्ध्या बुलडाण्याने पाहिली. सोमवारी दुकानात येणारा प्रत्येक जण झेरॉक्सआधी मलाच उजेडात धरून बघत होता.

घरी आल्यावर त्या बायकोला म्हणाल्या, "सकाळी उठल्यापासून मी दुसऱ्याच्या हातात हावो. एक टेकडी तं माही मले चढू द्या." मला फार वाईट वाटलं.

* * *

गजूभाऊंनी मनावर घेतलं. पुढच्या रविवारी ते आमच्या घरी आले, पायाला हात लागू नये म्हणून रिकाम्या जोड्यात लाकडी ठोकळा ठेवून मापाने आपली ती दाव्याची गाठ मारली, ठोकळा काढला आणि सासूबाईंनी पाय वरून घातला.

गाठ सुटली नाही, हे मान्य करावं लागेल. पण चालून पाय सुजला आणि गाठ सैलही होईना. बाई अर्ध्याच्या थोडं वरपर्यंत गेल्या आणि ओठ आवळून परत फिरल्या. घरी जोडा विळ्याने कापावा लागला. गजूभाऊ तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

* * *

मी म्हटलं, मी डायलचे जोडे आणतो. सासूबाई म्हणाल्या, "लेकीच्या घरचं मी घेत नाही." मग त्यांनी धाडला जाऊन स्वतःची भाजी विकली आणि डॉक्टरसाहेबांकडून परस्पर जोडे मागवून घेतले.

डबा उघडला, पाय घातले, डायलला बोटं लावली आणि बोटं घसरली. चिमटीत बटण धरता येईना. पुन्हा लावली, पुन्हा घसरली.  बायको डोळे पुसायला आत गेली.

सासूबाई थोडा वेळ डायलकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बोटं वर उचलली, नुसता तळवा बटणावर सपाट टेकवला, दाबला आणि मनगट फिरवलं.

टर्र.

"भाकर काय बोटानं थापतात?" त्या म्हणाल्या, आणि दुसराही जोडा आवळला. मग सैल केला. मग परत आवळला. त्या दिवशी आमच्या घरात संध्याकाळपर्यंत टर्र टर्र चालू होतं, आणि कोणी एकदाही बंद करा म्हटलं नाही!

* * *

तो रविवार. पायथ्याला सासूबाई दगडावर बसल्या, तळव्याने दोन्ही जोडे आवळले आणि उठून चालायला लागल्या. पहिल्यांदा परत फिरलेली जागा आली, गेली. दुसऱ्यांदा परत फिरलेली जागा आली. तिथे त्या थांबल्या, पण कॅनचं नाव कोणी काढलं नाही. पाय सुजला होता. त्यांनी वाकून डायल अर्धा फेरा उलटा फिरवला, जोडा सैल केला आणि पुढे निघाल्या.

शेवटचा चढ खडकांचा आहे. मी मागून हात पुढे केला, तो मुकाट्याने मागे घेतला. त्या चारी हातापायांवर गेल्या, पण गेल्या, आणि आमच्या आधी गेल्या. वर पोचलो तेव्हा त्या पदर वाऱ्यावर सोडून उभ्या होत्या, आणि खाली पसरलेलं बुलडाणा असं बघत होत्या की जणू सातबारा त्यांच्याच नावावर आहे.

डॉक्टरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी तर ओरडलोच. बायकोला फोन लावून सासूबाईंच्या कानाला धरला. त्या एवढंच म्हणाल्या, "आली बाई मी. कोनाचा हात नाही लागला."

मग आम्ही भाकरी-ठेच्याची फडकी सोडून जेवायला बसलो. गजूभाऊ बराच वेळ त्यांच्या जोड्यांकडे बघत होते. दोन वर्षं ज्या माणसाने डायलला रेडिओ म्हटलं, तो हळू आवाजात विचारता झाला, "बाई, हे नऊ नंबरात भेटते का?"

डॉक्टरसाहेब विजयाने माझ्याकडे बघायला लागले.

"भेटते," सासूबाई म्हणाल्या. "पन भाऊ, तुमी लेसच बांधा. तुमचे बोटं धड हायेत तोवर बांधून घ्या."

गजूभाऊंनी हातातली भाकरी खाली ठेवली. दोन्ही जोड्यांच्या लेस सोडल्या आणि सावकाश पुन्हा बांधल्या. सुटलेली तर एकही नव्हती.