एकट्या गस्तीचे जमादार

आमच्या चौकीचे जमादार कधी ओरडले नाहीत. दाराची चौकट भरून टाकणारा देह, भरघोस मिशा, आणि आवाज मात्र इतका हळू, की पकडून आणलेल्या चोरालाही "काय म्हणालात?" असं विचारावं लागे. नवा होतो तेव्हा मी त्यांना याचं कारण विचारलं होतं. ते म्हणाले, "ज्याच्या मागं चार माणसं उभी असतात त्यानं ओरडावं. मी एकटा असतो. मला समजावूनच सांगावं लागतं."

ते बहुतेकदा एकटेच असत. तीस सालानंतरची ती वर्षं. चळवळ जोरात होती. कुठं सभा भरली, मिरवणूक निघाली, की आमच्या चौकीतली माणसं तिकडे उचलली जात. रिकाम्या जागा रिकाम्याच राहत, कारण नाशकातली मुलं भरतीला फिरकत नव्हती. पोलिसाला मुलगी द्यायला लोक कचरत. नळावर आमच्या बायकांशी कुणी धड बोलत नसे. मग माणसं शोधायला जमादार खेड्यांत जात, बाजाराच्या दिवशी पारावर बसत आणि आपल्या त्या हळू आवाजात लोकांना नोकरीचं सांगत.

असंच पेठच्या बाजूच्या एका पाड्यावरून त्यांनी किसनला आणलं. विधवा आईचा एकुलता एक मुलगा. डोंगरउतारावर त्यांचं नागलीचं एवढंसं रान. आई पाठवायला तयार नव्हती. जमादार पुन्हा पुन्हा गेले आणि शेवटी तिला म्हणाले, "माझ्या नजरेसमोर ठेवीन." त्या शब्दावर तिनं मुलगा दिला.

किसन पोलीस लाइनीत माझ्याच खोलीत राहायचा. जन्मात पहिल्यांदा बूट घातलेले. टाचा सोलून निघायच्या. जमादार घरून खोबरेल आणून त्याला लावायला देत. त्यांना मूलबाळ नव्हतं. सणासुदीला किसनला ते घरी जेवायला नेत आणि त्यांच्या मंडळी त्याच्या पानात न विचारता वाढत राहत.

पुढं सिंहस्थ आला. श्रावणात गोदावरी गढूळ, भरलेली, आणि घाटावर मुंगीलाही वाट नाही. बाहेरून येणारी कुमक अजून पोचली नव्हती. पंचवटीकडच्या एका पायऱ्यांच्या टप्प्यावर दोन माणसं हवीत असं जमादारांनी वर सांगितलं. एकावरच भागवा, असं उत्तर आलं. त्यांनी किसनला उभं केलं आणि स्वतः पुढच्या टप्प्यावर गेले. दुपारी एक म्हातारी शेवाळावरून घसरली. किसन मागंपुढं न बघता पाण्यात उतरला, तिला लोकांच्या हातात ढकललं आणि स्वतः धारेला लागला. त्याला पोहता येत नव्हतं. भरतीच्या वेळी उंची बघितली, छाती बघितली. पोहण्याचं कुणी विचारलंच नव्हतं. संध्याकाळी तो तपोवनाकडे सापडला.

आईला आणायला जमादार स्वतः निघाले. मला बरोबर घेतलं. ती अंगणात होती. आम्हा दोघांनाच येताना बघून ती खाली बसली. जमादार तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"त्याच्यासंगं दुसरं कुनी नव्हतं?" तिनं विचारलं.

"नव्हतं."

"का नव्हतं?"

जमादारांनी मान खाली घातली. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

त्यानंतर भरतीला आलेल्या प्रत्येक मुलाला ते आधी विचारत, "घरी भाऊ किती?" एकटाच आहे म्हणाला, की टेप लावून झाल्यावर ते सांगत, "छाती कमी भरते, बाळ. घरी जा." चांगले तालमीतले गडी खाली मान घालून परत जात. जमादार टेप किती आवळून धरतात ते मला शेजारून दिसे. मी ते कुणाला सांगितलं नाही. फौजदार चिडत. माणसं कमी असताना हा म्हातारा पोरं परत पाठवतो, म्हणत. जमादार ऐकून घेत आणि कमी पडलेल्या माणसाची गस्त स्वतः घालत. स्वतःची पाळी संपली, की पाणी पिऊन दुसऱ्याच्या पाळीवर निघत. त्यांच्या पायांना सूज येऊ लागली. मी एकदा म्हणालो, जरा बसा. ते म्हणाले, "बसलो की तिचा प्रश्न ऐकू येतो."

पेन्शनीला थोडेच महिने उरले असताना भर बाजारात, गस्तीवरच ते कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यांना न्यायच्या वेळी आम्हा सगळ्यांनाच जायचं होतं. पण कुणी अडलेलं आलं तर चौकीत माणूस हवा होता आणि बदलीला कुणी नव्हतं. मी थांबलो. त्यांना आमच्या रस्त्यावरूनच नेलं. मी दारात ताठ उभा राहून सलाम केला. गर्दी वळणाआड गेली तरी माझा हात खाली येईना. तेवढ्यात एक बाई घाईघाईनं पायऱ्या चढून आली. तिचं पोर बाजारात चुकलं होतं. आत कोणी आहे का, असं तिनं विचारलं.

मी म्हणालो, "मी आहे," आणि चौकीला कुलूप घालून तिच्याबरोबर निघालो.