गाईची गोधडी

हसायचं तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला पुढचं नीट सांगता येईल. आयुष्यात एकच दान मी अगदी मन लावून केलं, आणि त्याचं कसं वाटोळं झालं ते ऐका.

एकोणऐंशी-ऐंशीची गोष्ट. आम्ही लाखनीला होतो. हे शाळेत मास्तर, म्हणून मी मोहल्ल्याची मास्तरीणबाई. त्या वर्षी आम्हा बायकांचं ठरलं, संक्रांतीला डबे-वाट्या लुटायच्या नाहीत. प्रत्येकीने एक गोधडी शिवायची आणि गरजूला द्यायची. मी जोरात मान हलवली. गोधडी शिवता कोणाला येत होती? मला साधा धावदोरासुद्धा सरळ येत नव्हता! पण हे चारचौघींत कबूल कोण करणार?

मग मी अक्कल चालवली. साकोलीच्या बाजारात एका दुकानात छापील कापड दिसलं, अख्ख्या गोधडीएवढा एकच पीस. मधोमध पांढरी गाय, तिला लुचणारं वासरू, भोवती कमळांची किनार. तुकडे जोडत बसायची भानगडच नाही! हे वर घालायचं, खाली तीन जुनी लुगडी, आणि चित्राच्या रेघेवरून दोरा नेत राहायचं.

गोधडी द्यायची होती गिरजामायला. ही म्हातारी आमच्या शेजारच्या गोठ्यात शेण-पाणी करायची. सगळा जन्म तिने गाईंतच काढलेला. पौषाच्या थंडीत पहाटे यायची, तर अंगावर नुसता लुगड्याचा पदर. तिचा खोकला मला माझ्या अंथरुणात ऐकू यायचा आणि जीव कसनुसा व्हायचा. बाकी माझा दिखावा असेल, पण एवढं खरं होतं.

महिनाभर खपले. बोटांची चाळण झाली. वासराच्या पायाशी टाके असे गोळा झाले की वासरू लंगडतंय, असं आमच्या ह्यांनी जाहीर केलं. पण संक्रांतीला गोधडी उलगडली तर बायका बघतच राहिल्या, आणि मी अशी फुगून बसले की काही विचारू नका. गिरजामायने गोधडी कपाळाला लावली, डोळे पुसले आणि घेऊन गेली.

आठवडा गेला. खोकला कमी व्हायचा तर वाढलाच. मी विचारलं, "माय, गोधडी पांघरतेस ना?" तर म्हणे घरी हाये बाई, आणि टोपली उचलून चालती झाली.

झालं, माझ्या डोक्यात तिची सून आली. शेवंता. धानाच्या गिरणीत कामाला जायची, बोलायला अगदी कमी. गोधडी हिनेच लाटली, असं मी ठरवूनच टाकलं. पुरावा? कशाला पाहिजे पुरावा? मी शेजारणीला सांगितलं, तिने पुढच्या घरी सांगितलं, आणि दोन दिवसांत गिरणीतल्या बायकाही शेवंताशी बोलेनाशा झाल्या.

तिसऱ्या दिवशी गिरजामाय कामालाच आली नाही. मग मी कसली थांबते! सकाळीच, शालसुद्धा न घेता, तरातरा तिच्या घरी गेले आणि सगळ्या शेजाराला ऐकू जाईल अशा आवाजात शेवंताला विचारलं, "सासूच्या अंगावरची गोधडी घेताना लाज नाही वाटली?"

शेवंताने दारातला गोणपाट बाजूला केला.

समोरच्या भिंतीवर माझी गोधडी! खुंट्यांना ताणून बांधलेली. गाईच्या कपाळाला कुंकू, खुरांशी झेंडूची फुलं, लंगड्या वासरालासुद्धा हळद. आणि खाली धानाच्या पेंढ्यावर, तनसीवर गिरजामाय, एका विटक्या वाकळीत मुटकुळं करून पडलेली. ती वाकळ शेवंताची होती. शेवंता स्वतः पोतं पांघरून झोपत होती, हेसुद्धा मला नंतर तिच्या शेजारणीने सांगितलं, तिने नाही.

"अगं माय, ही पांघरायला दिली होती," मी कसंबसं म्हटलं.

"कशी पांघरू बाई?" म्हातारी उठून बसली. "झोपीत गाईले पाय लागते ना. जल्मभर तिचंच खाल्लं मी."

मी म्हटलं, मग उलटी पांघर, चित्र आत जाईल.

"मंग तं पाय आनखीच लागते."

मग खाली अंथर, हे शब्द ओठांवर आले होते. नशीब माझं, जीभ चावली.

आता बोला! गाईच्या चित्रावर पाय माझासुद्धा पडला नसता. पण महिनाभर ती गाय मांडीवर घेऊन बसले आणि बघत काय होते, तर माझे टाके.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी येवढ्या मायेनं शिवली. कायले तुमचं मन मोडू?"

म्हणून तिने सुनेलाही तोंड उघडू दिलं नव्हतं. मोहल्ल्याने चोर म्हटलं तरी शेवंता गप्प राहिली होती, आणि हे सगळं माझ्या मनासाठी. मला इतकी शरम वाटली की वर बघवेना. शेवंताला म्हटलं, चुकलं माझं, घरोघरी मीच सांगत फिरले, आता मीच जाऊन सांगते.

"सांगजा बाई," ती म्हणाली. "पयले बसा. कुडकुडून राहिल्या ना तुमी."

घरोघरी मी गेले, आणि आमच्या पलंगावरची साधी, बिनचित्राची रजई त्याच दुपारी गिरजामायला पोचली. पण ते नंतर. त्या घडीला गिरजामायने अंगावरची वाकळ काढली आणि मी नको नको म्हणत असताना माझ्या खांद्यावर टाकली. शेवंताने काळा चहा हातात दिला. दारातून अर्धा मोहल्ला डोकावत होता, आणि गोधडी दान करणारी मास्तरीणबाई त्या दोघींची एकुलती एक वाकळ पांघरून बसली होती. वर त्यांचं मन मोडायची लाज अशी, की ती वाकळ मला काढवत नव्हती.